पायरी अकरा

खोकं उघडलं तेव्हा आधी धूळच पाहिली.
खाली तांबडी, वर काळी.
तांबडी खनिजाची, धक्क्यावर बार्जी रिकाम्या व्हायच्या तेव्हाची.
काळी कोळशाची, नंतरची.
वास्कोत एखादी वस्तू किती वर्षं पडून आहे
ते असं बोट फिरवून सांगता येतं.

आत तीन विमानं, दोनपंखी.
एकाला खालचा पंख आहे, वरचा नाही.
एकाचं नुसतं पोट, दोन अर्धुकं रबरबँडने बांधलेली,
रबर वितळून प्लास्टिकला चिकटलेलं, वाळक्या गांडुळासारखं.
तिसरं अजून त्याच्या डब्यात, सीलसुद्धा न फोडलेलं.

कायतान आणायचा ही. तारवटी होता.
साउदॅम्पटनहून प्रत्येक खेपेला एक,
मोज्यांत गुंडाळून.
पैसे विचारले की म्हणायचा,
उडालं की दे.

सोडलं होतंस का, असं विचारतात लोक.
सोडलं नव्हतं. राहिलं.
सोडायला एक दिवस लागतो, तारीख लागते.
टॅली क्लार्कची नोकरी, रात्रपाळ्या, दोन्ही मुलींचे कान दुखणं,
आणि केव्हातरी गोंदाची नळी दगड झाली
ते मला कळलंसुद्धा नाही.

सूचनांचा कागद कसरीने खाल्लाय,
अकराव्या पायरीपासून पुढे.
दहापर्यंत सगळं लख्ख: बाण, आकडे,
गोंद कुठे लावायचा, कुठे अजिबात नाही.
अकराव्या पायरीला वरचा पंख बसतो.
नेमका तिथे कसरीचा घास.

आठ खांब्या लागतात, सात सापडल्या.
आठवी केरसुणीच्या हिरातून तासली,
ब्लेडने, मग पॉलिशपेपरने.
माडाचा हीर, इंग्रजांचं विमान.
हात कापतो आता.
पण दोन कापऱ्यांच्या मधे थोडी जागा असते,
ती आली की काम उरकायचं.

तारांसाठी खारीवाड्यावर गेलो,
सगळ्यात बारीक तंगूस मागितली.
इनास म्हणाला, हिने काय गरवणार, बाब? मुंग्या?

गाठी माझ्याच्याने बसेनात.
सुलक्षाने हातातून घेतलं.
अबोलीची फाती गुंफणारी बोटं तिची,
नजर टीव्हीवर, आणि गाठ मात्र जिथल्या तिथे.
दोन पंख कशाला? एक पुरत नव्हता?
त्या काळी एकावर कुणाचा विश्वास नव्हता, मी म्हटलं.
आणि ह्या दोऱ्या?
पंख एकमेकांवर पडू नयेत म्हणून.
लांबही जाऊ नयेत म्हणून.
तिने तंगूस नखाने छेडून पाहिली.
ही सैल आहे, म्हणाली, ओढ.

वरचा पंख बहुधा दोन मिलिमीटर मागे बसलाय.
बहुधा.
खालच्या पंखावर गोंदात उमटलेला एक अंगठा आहे,
माझाच असणार, तेव्हाचा, बारीक.
घासून काढायला कागद हातात घेतला होता,
तेवढ्यात पाववाल्याचा भोंपू वाजला,
उठलो, नंतर रंगच देऊन टाकला त्यावर.
उन्हात तिरकं धरलं की दिसतो अजून.

कायतान आता स्विंडनला, लेकीकडे.
त्याला दोघांचा फोटो पाठवला,
कपाटावर शेजारी शेजारी, एक किंचित कलंडलेलं.
तीन दिवस काही नाही.
मग एक ओळ आली:
म्हणजे उडालं. पैसे दे.

तिसऱ्याचं सील काल फोडलं.
भाग सगळे आहेत, कागद अख्खा, अकरावी पायरीही आहे.
पाण्यावर सुटणारी चित्रं तेवढी
चहात पडल्यासारखी पिवळी झालीत.
खिडकीच्या काचेवर आतून चिकटपट्टीने लावून ठेवलीत,
तोंड उन्हाकडे करून. ऊन पिवळेपण खातं,
हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही.
दाबोळीवरून विमान उठलं की काच थरथरते,
चित्रांतली लाल-निळी वर्तुळंही.
सुलक्षा विचारते, पडदा कधी लावू?
आज गुरुवार.
ढग आले नाहीत तर
सोमवारी.